लेक म्हणते खोरोग, एजंट म्हणतो बिश्केक

पत्र : मी अकोले तालुक्यातला शेतकरी. मुलगी बारावी सायन्स झाली आहे. ग्रुप पीसीबी, गणित अकरावीलाच सोडलं. नीट दोनदा दिली. पात्र ठरली, पण सरकारी जागा मिळेल एवढे गुण नाहीत. एक एजंट किर्गिझस्तानात एमबीबीएसला पाठवू म्हणतो. मुलीला डॉक्टर व्हायचंच नाही. तिने मध्य आशियात डोंगरी लोकांसाठी काढलेलं एक विद्यापीठ शोधून काढलं आहे. तिथे पृथ्वी आणि पर्यावरण असा कोर्स आहे म्हणते. एजंटला विचारलं तर तो म्हणाला, "तेही आपल्याच ओळखीचं, सीट धरून देतो." हे विद्यापीठ खरं आहे का? तिथे नेमकं काय शिकवतात? आणि ती पदवी घेऊन परत आली तर इथे तिला काय मिळणार?

उत्तर :

नमस्कार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. विद्यापीठ खरं आहे. त्याचं नाव युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल एशिया. पुण्याचा आगाखान पॅलेस १९६९ मध्ये ज्या आगा खान चौथ्यांनी (इस्माइली मुस्लिमांचे धर्मगुरू) देशाला दिला, त्यांनीच २००० साली किर्गिझस्तान, ताजिकिस्तान आणि कझाकस्तान या तीन देशांच्या अध्यक्षांबरोबर करार करून हे विद्यापीठ स्थापन केलं. तो करार तिन्ही संसदांनी मंजूर केला आणि संयुक्त राष्ट्रांकडे त्याची नोंद झाली. म्हणजे एखाद्या संस्थाचालकाने माळावर बोर्ड लावावा, तसला हा प्रकार नाही. पण स्थापना आणि शिकवणं यांत बरीच वर्षं गेली. किर्गिझस्तानातल्या नारीनला पदवीचे वर्ग २०१६ मध्ये सुरू झाले, ताजिकिस्तानातल्या खोरोगला २०१७ मध्ये. करारातलं तिसरं गाव कझाकस्तानातलं टेकेली. पदवीच्या अर्जासाठी मात्र तुमच्यापुढे नारीन आणि खोरोग ही दोनच नावं धरा.

इथे पहिली सावधगिरी नावाची. किर्गिझस्तानची राजधानी बिश्केकमध्ये अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल एशिया आहे, तोकमोकमध्ये इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल एशिया आहे. तिन्ही संस्था वेगळ्या, तिन्हींचे मालक-चालक वेगळे. एजंट "सेंट्रल एशिया" म्हणाला म्हणजे तुमच्या मुलीने शोधलेलंच विद्यापीठ त्याच्या डोक्यात आहे, असं धरून चालू नका. तिने शोधलेल्या विद्यापीठात एमबीबीएस नाही. तिथे प्रवेश परीक्षा आणि मुलाखत घेऊन होतो, त्यामुळे "सीट धरून देतो" या वाक्याला तिथे अर्थच नाही. ज्याला एवढंही माहीत नाही, त्याच्या हातात पैसे देऊ नयेत.

काय शिकवतात

चारच विषय आहेत, आणि हा हिशेब मुद्दाम केलेला आहे. नारीनला संगणकशास्त्र आणि संवाद व माध्यमं, खोरोगला पृथ्वी व पर्यावरण विज्ञान आणि अर्थशास्त्र. माध्यम इंग्रजी, राहणं कॅम्पसवरच. मूळ रचना एक वर्ष पूर्वतयारी आणि मग चार वर्षं पदवी अशी आहे. डोंगरातल्या सरकारी शाळेतून आलेल्या मुलाचं गणित आणि इंग्रजी कच्चं असणार, हे गृहीत धरून ते पहिलं वर्ष ठेवलं गेलं. तुमच्या मुलीला ते पूर्ण करावं लागेल की चाचणीतल्या गुणांवर सूट मिळेल, हे अर्ज करण्याआधी लेखी विचारून घ्या. चार वर्षं आणि पाच वर्षं यांत एका वर्षाचा खर्च आहे, आणि तिचं वयही आहे.

हेच चार विषय का, हे समजलं की निम्मा निर्णय होतो. ताजिकिस्तानातली कितीतरी घरं रशियात मजुरीला गेलेल्या माणसाच्या पैशावर चालतात, म्हणून अर्थशास्त्र. रस्ता बर्फाने बंद झाला तरी इंटरनेटवरून करता येईल असं काम हवं, म्हणून संगणकशास्त्र. एकेका खोऱ्यात वेगळी भाषा, वर रशियन, आणि बातमी मात्र राजधानीतून येते, म्हणून माध्यमं. पृथ्वी व पर्यावरण विज्ञान खोरोगला का, याला तर खुलासा लागू नये. वर पामीरचे डोंगर, खाली पांज नदी, पलीकडच्या काठावर अफगाणिस्तान. पांज पुढे वख्श नदीला मिळून अमू दर्या होते आणि नारीन नदी कारा दर्याला मिळून सिर दर्या होते. ज्या दोन नद्यांचं पाणी शेतीला वळवल्यामुळे अरल समुद्र आटला, त्यांच्या उगमाकडची ही दोन गावं आहेत.

पदवीखेरीज विद्यापीठाचा निरंतर शिक्षणाचा विभाग २००६ पासून चालू आहे. त्यात इंग्रजी, हिशेब, संगणक, छोटी-मोठी कौशल्यं शिकवतात, आणि ते शिकणारे त्याच गावांतले नोकरदार, दुकानदार, शिक्षक असतात. खरं तर डोंगरी माणसाला सर्वांत आधी उपयोगी पडला तो हाच विभाग. तुमच्या मुलीच्या कामाचा तो नाही, पण एजंट त्यातला एखादा सहा महिन्यांचा कोर्स "डिप्लोमा" म्हणून गळ्यात मारू शकतो. म्हणून अर्जावर "पदवी" हा शब्द आहे ना, ते पाहा.

आमचं मत स्पष्ट सांगतो. संगणकशास्त्रासाठी नारीनला जाऊ नये. ते पुण्या-नाशिकला मिळतं. अर्थशास्त्राचंही तसंच. अकोल्याहून उठून तिकडे जावं असा विषय एकच आहे, आणि तुमच्या मुलीने नेमका तोच हेरला आहे.

तो विषय आणि तुमचा डोंगर

सह्याद्री आणि पामीर यांत साम्य कमी आहे, हे आधी मान्य करू. आपला डोंगर लाव्हाच्या थरांचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार होऊन आता झिजत चाललेला. पामीर अजून वर येतो आहे. आपल्याकडे कडा खचतो तो पावसाने. तिकडे कारणं तीन-चार असतात : भूकंप, वितळणारं बर्फ, हिमनदीच्या तोंडाशी साठलेलं तळं फुटणं, आणि भेगांत शिरलेलं पाणी गोठून खडक उकलणं. १९११ च्या भूकंपात तिथला एक अख्खा डोंगर मुर्गाब नदीवर कोसळला. उसोई नावाचं गाव त्याखाली गाडलं गेलं. मागे तुंबलेल्या पाण्यात सरेझ गाव बुडालं आणि त्याच नावाचा तलाव तयार झाला. तो नैसर्गिक बांध सुमारे ५६० मीटर उंच आहे. भंडारदऱ्याचं धरण ८२ मीटर, म्हणजे हा बांध त्याच्या जवळजवळ सातपट. खाली बार्तांगच्या खोऱ्यात आजही माणसं राहतात, म्हणून त्या बांधावर सतत नजर ठेवावी लागते.

आता माळीण आठवा, ३० जुलै २०१४. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३ ची रात्र. तिथे भूकंप नव्हता. उतारावरची माती आणि कुजलेला खडक पाण्याने जड होऊन खाली आला. कारण वेगळं, पण ते शोधायची हत्यारं तीच : उताराचा कोन मोजणं, मातीच्या थराची जाडी आणि त्यातलं पाणी पाहणं, उपग्रहाच्या दोन तारखांच्या चित्रांत भेगा शोधणं, किती तासांत किती मिलिमीटर पाऊस झाला की गाव रिकामं करायचं हे ठरवणं. आणि सर्वांत अवघड म्हणजे गावकऱ्यांना ते पटवणं. ही शेवटची गोष्ट शहरातल्या प्रयोगशाळेत शिकता येत नाही. खोरोगसारख्या जागी वर्गाच्या खिडकीतूनच उतार दिसतो, आणि शेजारी बसलेली मुलं त्याच उतारावरच्या घरांतून आलेली असतात. या विद्यापीठाचं खरं मोल इथे आहे.

पाण्याचंही तेच. तुमच्या तालुक्याच्या पश्चिमेला, घाटघरकडे, पाऊस हजारो मिलिमीटर पडतो आणि एप्रिल-मेमध्ये बायका त्याच पट्ट्यात हंडे घेऊन झऱ्याकाठी बसलेल्या असतात. बेसॉल्टच्या थरात पाणी मुरायला जागा थोडी, उतार तीव्र, मातीचा थर पातळ. पाणी आलं तसं गेलं. पामीरमध्ये पावसाची भूमिका बर्फ करतं. कधी वितळणार, किती, आणि पेरणीच्या वेळी पाटात असेल का, हा तिथल्या शेतकऱ्याचा प्रश्न. हा प्रश्न ज्याने घरी पाहिलाय, त्याला हा अभ्यास कोरडा वाटत नाही.

गणिताचं काय

खरी अडचण इथे आहे, आणि ती एजंट सांगणार नाही. पृथ्वी विज्ञान म्हणजे डोंगर फिरणं आणि दगड गोळा करणं, असा पीसीबीवाल्या मुलांचा गोड गैरसमज असतो. पहिल्याच वर्षी समोर येतं ते फलन, लॉगरिदम, त्रिकोणमिती, सांख्यिकी आणि थोडं कलनशास्त्र (कॅल्क्युलस). नदीचा प्रवाह, भूकंपाची तीव्रता, नकाशाचं प्रक्षेपण, सगळं याच्यावर उभं आहे. प्रवेश परीक्षेतही इंग्रजीबरोबर गणित आहे. दोन वर्षं गणित सोडलेली मुलगी या चाचणीत जीवशास्त्राच्या गुणांवर तरणार नाही.

म्हणून यंदा घाईने अर्ज टाकण्यापेक्षा आठ-नऊ महिने गणिताला द्या. एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) बारावीचं गणित, विषय क्रमांक ३११, एकट्या विषयाला प्रवेश घेऊन देता येतं. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोनदा होतात. याचा दुहेरी फायदा आहे. खोरोग नाही जमलं, तर गणित मागणाऱ्या इथल्या अभ्यासक्रमांचं दार थोडं उघडतं. सुरुवात नववी-दहावीच्या बीजगणितापासून करा. थेट अकरावीचं पुस्तक उघडलं की तिसऱ्या दिवशी मिटतं. रोज दीड तास, आणि आठवड्यातून एकदा घड्याळ लावून सोडवलेला पेपर.

इंग्रजीसाठी व्याकरणाच्या क्लासपेक्षा एक काम जास्त उपयोगी पडतं. नदी, माती, हवामान यांवरचा पानभर इंग्रजी मजकूर वाचायचा आणि पुस्तक मिटून दीडशे शब्दांत तो पुन्हा लिहायचा. अर्जातला निबंधही तिनेच लिहावा. "लहानपणापासून माझं स्वप्न" असे निबंध निवड करणाऱ्यांनी पोत्याने वाचलेले असतात. घाटघरचा पाऊस आणि मेमधला कोरडा झरा, हे तिने पाहिलेलं, मोजलेलं असेल तर तेवढं लिहावं. या उन्हाळ्यात गावच्या एका झऱ्याची धार भांडं आणि घड्याळ घेऊन दर रविवारी मोजायला सांगा : दहा लिटर भरायला किती सेकंद. तीन महिन्यांची ती वही मुलाखतीत दहा प्रमाणपत्रांना भारी पडेल.

खर्च

फीचा आकडा आम्ही मुद्दाम देत नाही. छापील फी आणि प्रत्यक्ष भरायची फी यांत इथे मोठं अंतर असतं. विद्यापीठ घरची परिस्थिती पाहून मदत देतं. पण ते ज्यांच्यासाठी काढलं आहे, त्या तीन देशांतल्या डोंगरी मुलांचा हक्क पहिला, हे धरून चला. म्हणून प्रश्न असा विचारा : भारतीय विद्यार्थ्याला मदत मिळते का, मिळाली तर दरवर्षी नव्याने ठरते का, किती गुण घसरले की बंद होते, आणि पूर्वतयारीच्या वर्षात नापास झाल्यास काय. उत्तर ईमेलवर हवं, फोनवर नको.

मदतीच्या अर्जाला उत्पन्नाचे पुरावे लागतील. शेतकऱ्याची इथेच अडचण होते, कारण पगाराची स्लिप नसते. तहसीलदाराचा उत्पन्न दाखला, सातबारा, आयकर विवरण भरत असाल तर ते, आणि बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट, या सगळ्याचा इंग्रजी अनुवाद नोटरी करून ठेवा.

कर्जाचं म्हणाल, तर चार लाखांपर्यंत बँका तारण मागत नाहीत आणि साडेसात लाखांपर्यंत सरकारी पतहमी योजनेत बसू शकतं. त्यापुढे तारण लागतं, आणि शेतजमीन बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला घेत नाहीत. कर्ज बुडालं तर सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याने त्यांना शेतजमीन विकता येत नाही, म्हणून. गावठाणातलं घर, ठेवी किंवा विमा पॉलिसी चालते. शाखा व्यवस्थापकाने या विद्यापीठाचं नाव ऐकलेलं नसणार. शैक्षणिक कर्जाच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करून प्रवेशपत्र आणि फीचा तपशील जोडा आणि बँकेच्या यादीत संस्था आहे का, ते आधी विचारा. मंजुरी हातात येईपर्यंत अनामत भरू नका.

परत आल्यावर

परदेशी पदवीला इथे समकक्षता, म्हणजे ती इथल्या पदवीच्या बरोबरीची आहे असा दाखला, लागते. पूर्वी हे काम भारतीय विद्यापीठ संघ करत असे. एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) यासाठी नवे नियम काढले. त्यात मुख्य अटी अशा : संस्था त्या देशात मान्यताप्राप्त हवी, प्रवेशाची पात्रता आपल्यासारखी हवी, आणि शिक्षण नियमित, प्रत्यक्ष हजर राहून झालेलं हवं. शेवटची अट लक्षात ठेवा. काही कारणाने एखादं सत्र ऑनलाइन झालं, तर विद्यापीठाकडून तसं पत्र घेऊन ठेवायचं. प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम, क्रेडिट आणि पासपोर्टवरचे शिक्के, सगळ्याची फाइल पहिल्या दिवसापासून. चार वर्षांनी जुना अभ्यासक्रम मिळवायला बसलं की महिने जातात.

यापेक्षा मोठी खोच पदवीच्या नावात आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या परीक्षेला भूविज्ञानातली पदव्युत्तर पदवी लागते, आणि भारतीय वनसेवेला भूविज्ञान, रसायन, गणित, वनस्पतिशास्त्र अशा ठरावीक विषयांपैकी एक पदवीला असावा लागतो. "पृथ्वी व पर्यावरण विज्ञान" असं नाव पाहून छाननी करणारा कारकून अडू शकतो. त्यामुळे तिथे विषय निवडताना भूविज्ञानाचे जास्तीत जास्त पेपर घ्यायचे आणि गुणपत्रिकेवर "जिऑलॉजी" हा शब्द स्पष्ट दिसेल असं बघायचं. नंतर भारतात भूविज्ञानात एमएस्सी केली की दोर जुळतो. जलसंधारण, आपत्ती व्यवस्थापन, उपग्रह नकाशे या क्षेत्रांतल्या संस्था आणि कंपन्या पदवीच्या नावावर एवढ्या अडत नाहीत. तिथे जीआयएसचं, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचं, काम करून दाखवता आलं पाहिजे.

राहणं

नारीन आणि खोरोग दोन्ही दोन हजार मीटरच्या वर आहेत. तुमचं कळसूबाई १६४६. म्हणजे तिची रोजची बाजारपेठ महाराष्ट्राच्या शिखरापेक्षा उंच असेल. श्वासाचा त्रास सहसा होत नाही, त्रास थंडीचा. नारीनला जानेवारीत पारा उणे पंचवीसच्या खाली जातो. खोरोग त्या मानाने सौम्य, पण बर्फ तिथेही आहे. बूट आणि जाकीट इथून घेऊ नका, तिथे जाऊन घ्या. इथल्या दुकानातलं "विंटर वेअर" मनालीच्या सहलीपुरतं असतं. जेवणात मांस भरपूर. शाकाहारी असाल तर मेसमध्ये काय मिळतं ते आधी विचारा, आणि मसाले, डाळ, छोटा कुकर सोबत द्या.

नारीनला बिश्केकहून रस्त्याने पाच-सहा तास, वाटेत ३०३० मीटरचा दोलोन घाट. खोरोगचा मामला अवघड आहे. ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बेहून जीपने अख्खा दिवस जातो, छोटं विमान हवामानावर अवलंबून. त्या प्रांतात, म्हणजे गोर्नो-बदख्शानमध्ये जायला व्हिसाशिवाय वेगळा परवाना लागतो. तो न घेता गेलं की चौकीवरून परत.

आता जे बोलायलाच हवं ते. गोर्नो-बदख्शानमध्ये नोव्हेंबर २०२१ मध्ये आंदोलन पेटलं, त्यानंतर सुमारे चार महिने इंटरनेट बंद होतं, आणि मे २०२२ मध्ये पुन्हा हिंसाचार झाला. बिश्केकमध्ये मे २०२४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले, तेव्हा आपल्या दूतावासाने मुलांना घराबाहेर पडू नका म्हणून कळवलं होतं. म्हणजे "एमबीबीएसचं बिश्केक सुरक्षित आणि खोरोग धोक्याचं" असा सोपा हिशेब नाही. विद्यापीठाला थेट विचारा : या वर्षीच्या तुकडीचा हा विषय प्रत्यक्ष कोणत्या कॅम्पसवर शिकवला जातो आहे, तणाव झाला तर मुलांना कुठे हलवता, विमा कशाकशाला लागू आहे. उत्तर गुळमुळीत आलं तर थांबा. इंटरनेट बंद झाल्यावर आठवडाभर लेकीचा आवाज ऐकू आला नाही तरी तुमच्या घरात झोप लागेल का, हेही एकदा दोघांनी बसून ठरवा.

दुसरी दारं

खोरोगला पर्याय भारतात आहेत आणि स्वस्त आहेत. श्रीनगर-गढवालचं हेमवती नंदन बहुगुणा विद्यापीठ २००९ पासून केंद्रीय आहे, गंगटोकचं सिक्कीम विद्यापीठ २००७ चं. दोन्ही डोंगरातच आहेत, सीयूईटी या प्रवेश परीक्षेचा फॉर्म मात्र वेळेत भरावा लागतो. पुण्यात फर्ग्युसनला भूविज्ञानात बीएस्सी होते. तिथून पुढे डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेत संशोधनाला जाता येतं. आम्ही तुमच्या जागी असतो तर गणित पक्कं करताना यांपैकी एका ठिकाणचा प्रवेश हातात ठेवला असता आणि त्याच वर्षी खोरोगचा अर्जही केला असता. मदतीसह पत्र आलं आणि कॅम्पसबद्दलची उत्तरं समाधानकारक असली, तर जाऊ द्यावं. नुसतं प्रवेशपत्र आलं, मदत नाही, तर गढवाल किंवा फर्ग्युसन.

एमबीबीएसचं दोन ओळींत : ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिने इंटर्नशिप, परत आल्यावर परवान्याची परीक्षा, ती पास झाल्यावर इथली इंटर्नशिप. ज्या मुलीला डॉक्टर व्हायचंच नाही, तिने हे सगळं कशाच्या जोरावर करायचं?

अर्ज विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच करा, तिच्या स्वतःच्या ईमेलने, पासवर्ड तिच्याकडे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि जन्मदाखला यांची आधी राज्य पातळीवर पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा खरेपणाचा शिक्का, लागेल. त्याला काही आठवडे धरा. प्रत्येक कागदावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते त्याआधी पाहा. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मधे असतं आणि दुसऱ्यावर नसतं, आणि फाइल तिथेच अडकते. एजंटकडे तिचे मूळ दाखले दिले असतील, तर ते या आठवड्यात स्वतः जाऊन परत आणा.